प्रतिसाद: कॅशियरला नाणी जमवता येतात का?
दादा तुम्ही विचारलंत की काउंटरवर आलेली आवडती नोट किंवा नाणं स्वतःकडे ठेवता येतं का, तर आमच्या बँकेत मॅनेजरांना सांगून तेवढेच स्वतःचे पैसे कॅशमध्ये टाकतो, संध्याकाळी टॅली जुळायलाच हवी. मी मालवणात आहे, देवळाच्या दानपेटीची चिल्लर आली की मला सगळ्यात आनंद, नाण्यावरच्या सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता, असं बघत बघत मोजायचं. मासळीवाल्या मावशींच्या ओल्या नोटांत कधी नंबरात स्टार असलेली निघते, ती छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी येते, खोटी नसते हो. आणि जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणून कोणी आधी कमिशन मागितलं तर अजिबात भरू नका, रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलंय.