टॉर्क कमी केला आणि बॉल सरळ झाडीत, असं का?

खारघरचा_नवशिक्या:
मंडळी एक शंका आहे. गेल्या महिन्यात गोल्फचा सेकंडहँड ड्रायव्हर (लांब मारायची काठी) घेतला, विकणारा म्हणाला शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, टॉर्क ३.१ आहे, बॉल रुळावरून गेल्यासारखा सरळ जाईल. माझ्या जुन्याचा ५.२ होता. खारघर व्हॅलीला तीन रविवार झाले, बॉल खालून निघतो आणि उजवीकडे झाडीत. काल तर बॅग उचलणारा कॅडी मी मारायच्या आधीच झाडीकडे चालायला लागला. ठाण्याला सिम्युलेटरवर स्विंगचा (काठी फिरवायचा) स्पीड ताशी ८५ मैल आला होता. हा टॉर्क नक्की करतो काय?

घोडबंदर_हुकवाला:
टॉर्क म्हणजे शाफ्ट स्वतःभोवती किती पिळला जातो ते, डिग्रीत. एक टोक घट्ट पकडून दुसऱ्या टोकाला ठरावीक पीळ देऊन मोजतात. घरी करून बघ, ड्रायव्हर टेबलावर आडवा ठेव, डोकं कडेबाहेर आणि मोकळं सोड. आपोआप फिरून जड बाजू खाली जाते, कारण डोक्याचं वजन शाफ्टच्या रेषेत नसतंच. स्विंगमध्येही तेच वजन शाफ्टला पीळ देतं. जोरात झटका देणाऱ्याला कमी टॉर्क बरा पडतो, आपल्यासारख्यांना तोच शाफ्ट हातात लोखंडी सळई वाटते आणि फेस, म्हणजे डोक्याची बॉलला लागणारी बाजू, वेळेवर बंद होत नाही, म्हणून बॉल उजवीकडे. ७० च्या दशकातले पहिले ग्राफाइट शाफ्ट इतके पिळायचे की बॉल कुठेही जायचा, कमी टॉर्कचं कौतुक तेव्हापासूनचं आहे बघ.

वाशीचा_शँकसम्राट:
टॉर्कला उगाच बदनाम करू नका राव. बॉल फेसवर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच असतो, तेवढ्यात शाफ्ट काय पिळणार, जे व्हायचं ते आधी खाली येतानाच झालेलं असतं. आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, एकाचा ३.१ आणि दुसऱ्याचा ५.२ समोरासमोर ठेवून काही कळत नाही. शाफ्टचं वजन आणि फ्लेक्स (तो किती वाकतो ते) सांग आधी.

खारघरचा_नवशिक्या:
जुना ५० ग्रॅम रेग्युलर, नवा ६८ ग्रॅम स्टिफ.

वाशीचा_शँकसम्राट:
मग झालं की! एका दमात तिन्ही बदललंस आणि पावती टॉर्कच्या नावावर फाडतोयस. जुना शाफ्ट विकला नाहीस ना? डोक्याला बसत असेल तर लाव आणि वीस बॉल मार.

खारघरचा_नवशिक्या:
विकला 😭 त्याच माणसाला.