४०० आधी नको, ७०-२०० आधी घ्या

फुटबॉलचे फोटो काढायला पहिली लेन्स म्हणून १५०-६०० मिमीची झूम घेऊ का, असं एकाने विचारलंय (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं). दुपारचे सामने असतील तर खुशाल घ्या. पण आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) बहुतेक सामने दिव्यांखाली. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू झाला की बूट आणि चेंडू फरफटलेले दिसतात. अशा वेळी एफ/२.८ ला (हा आकडा लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त) आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० पुरत असेल, तर ६०० वर एफ/६.३ ला तोच १६००० होतो. मग घरी बसून नॉइज (फोटोतले दाणे) काढत बसा.

माझं मत, पहिली लेन्स ७०-२०० एफ/२.८. गोलपोस्टच्या बाजूला, कॉर्नरकडे सरकून बसलात की पेनल्टी बॉक्सच्या कडेचा, म्हणजे १६.५ मीटरवरचा खेळाडू फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २०० ला उभ्या फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची भरतो. मध्यरेषा तिथून साधारण ५२ मीटर. तिथलं हेडर हवं असेल तर ४०० लागतेच, पण ४०० एफ/२.८ विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणा. लेन्समागे लावून तिचा आकडा १.४ पट करणारा कन्व्हर्टर स्वस्त पडतो, फक्त एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो.

गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला एकदा मी मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) ४०० लावून एकाच बॉडीवर, म्हणजे एकाच कॅमेऱ्यावर बसलो होतो. गोल झाला आणि स्कोरर थेट माझ्याकडेच धावत आला. हाती काय लागलं? एक कान आणि अर्धा खांदा, तेही आउट ऑफ फोकस! तेव्हापासून जुनी का होईना, दुसरी बॉडी २४-७० लावून गळ्यात असतेच.

आणि हो, बसायला बुटकं स्टूल न्या. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे नुसतं गवत येतं.