पहिलाच फिश टँक: मासे कधी सोडायचे, कुठले घ्यायचे? (सोलापूर)

सईची_आई

नमस्कार. लेक सात वर्षांची आहे, वाढदिवसाला तिला फिश टँक हवाय. मलाही लहानपणापासून हौस होतीच. काल दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. सोबत झाकणाला दिवा, पाण्यात बुडवायचा छोटा फिल्टर, रंगीत खडी आणि औषधाच्या दोन बाटल्या, एक निळी, एक पिवळी. दुकानदार म्हणाले, पाणी भरा, दोन्हीचे थेंब टाका आणि संध्याकाळी मासे घेऊन जा: चार गोल्डफिश, दोन शार्क आणि साफसफाईला एक सकर.

इतक्या लगेच मासे सोडायचे असतात का? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, एरवी बोअर. यातलं कुठलं वापरू? आणि आपल्याकडचा मे महिना माशांना सोसेल का?

भीमाकाठ

ताई, आज संध्याकाळी दुकानात जाऊ नका. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे राहू द्या. वाढदिवसाला लेकीला टाकी दाखवा, मासे तिच्यासोबत जाऊन नंतर आणा.

कारण सांगतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. नदीत तो वाहून जातो, तुमच्या पन्नास लिटरमध्ये तो तिथंच राहतो. तो खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बऱ्याच अंशी निरुपद्रवी, ते आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मरतात ते बहुतेक वेळा यामुळेच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण मासा वर येऊन तोंड उघडत राहतो, पंख अंगाशी मिटून घेतो. लोक म्हणतात मासाच आजारी दिला. मासा धडधाकट असतो, टाकी तयार नसते.

रोज चिमटीभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना पोट भरायला मिळेल. पाण्यातला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. रंगीत खडीचे पैसे वाचवले असते तरी चाललं असतं, किटचे वाचवू नका. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतील, मग उतरतील. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. निळी-पिवळी औषधं कपाटात ठेवून द्या. निळं ते मिथिलीन ब्लू, ते जमत आलेल्या वस्तीलाच मारक आहे.

पाण्याचं म्हणाल तर नळाचं आणि बोअरचं निम्मं-निम्मं मिसळा आणि पुढे कायम तेच प्रमाण ठेवा. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्याची सवय बऱ्याच माशांना होते, आज हलकं आणि उद्या जड याची होत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. झाकण लावलेल्या पिंपात साठवलेलं पाणी त्या हिशेबात धरू नका. एक गोष्ट आपल्या भागात विशेष सांभाळावी लागते. बोअरचं पाणी अल्कधर्मी असतं आणि पीएच (अल्कधर्मीपणाचं माप) एका अंकाने चढला की अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो. म्हणून इथं घाई जास्त महागात पडते.

टाकी भरली की काच आणि खडी धरून साठ-सत्तर किलोच्या घरात जाते. टेबल भक्कम आणि समतल हवं, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. भरलेली टाकी कधीही सरकवू नका, सिलिकॉनचे सांधे सुटतात.

आता माशांबद्दल. गोल्डफिश सात-आठ इंच होतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो आणि घाणही भरपूर करतो. दोन फुटी टाकीत चार म्हणजे त्यांचे हाल. शार्क म्हणून देतात तो बहुतेक वेळा पंगास असतो, बाजारात किलोवर विकतात तोच.

आणि सकर अजिबात नको, हे मी हात जोडून सांगतो. माझं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याशेजारी. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. घरच्या टाकीत फूटभर झाला की लोक "जीव नको घ्यायला" म्हणून नदीत सोडतात. आज उजनीत तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडाचे खवले, पंखांना जाड काटे. जाळ्यात असा गुंततो की जाळं कापल्याशिवाय निघत नाही. आमच्याकडे सकाळी काठावर बसून जाळी विणत बसलेली माणसं मी पाहतो. त्या माशाला गिऱ्हाईक नाही, दिवसाची मजुरी गेली आणि वर जाळंही गेलं. तुमच्या नळाला येतं ते पाणी याच उजनीचं आहे, ताई. टाकीतला कुठलाच मासा नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायचा नाही, हे लेकीलाही पहिल्या दिवसापासून सांगा.

प्राची_पुणे

वरच्या सगळ्याला दुजोरा. एक भर घालते: मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अशी अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. नायट्रेट शोषून घेते, फुकटात. पाण्यातली झाडं लावायची तर व्हॅलिसनेरिया घ्या, जड पाणी तिला मानवतं. दिवा सहा-सात तासांहून जास्त चालू ठेवू नका, काचेवर शेवाळ धरतं.

सईची_आई

दादा, ताई, मनापासून आभार. सईला सांगितलं की मासे येण्याआधी त्यांचं घर तयार करायचं असतं. रोज चिमटीभर खाद्य टाकायचं काम तिने घेतलंय. मग मासे कुठले घेऊ? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची लाइटही जाते.

भीमाकाठ

गप्पी घ्या. हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तेच, फक्त रंगीत. जड, अल्कधर्मी पाणी त्यांना उलट आवडतं आणि उकाडाही बऱ्यापैकी सोसतात. सगळे नर घ्या, सुरुवातीला पाच-सहाच. मादी आणली तर महिन्याभरात पिल्लं सुरू होतात. एकटी मादी आणली तरी होतात, कारण ती नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. मग पिल्लं द्यायची कुणाला, हा प्रश्न उरतो. महिनाभराने सगळं ठीक चाललं तर झेब्रा डॅनिओ आणा. आपल्या देशातल्या ओढ्यांचा मासा, चपळ आणि काटक. तो थव्याने राहतो, सहाच्या खाली घेऊ नका. त्याच्या उड्यांमुळे झाकण मात्र बंद हवं.

मे महिन्यात खरी अडचण असते ती प्राणवायूची. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. म्हणजे मासा धापा टाकतो तेव्हाच पाण्यात हवा कमी असते. झाकणाऐवजी बारीक जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी झपाट्याने आटेल, पण क्षार मागेच राहतात, काचेवर पांढरी रेघ दिसेल. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलाल तेव्हा मात्र नेहमीचं मिसळलेलं.

लाइटसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्यावर स्पंज फिल्टर लावा. हवाही मिळते आणि स्पंजमधली वस्तीही जगते. लाइट नसेल त्या वेळी खाद्य टाकू नका. एरवीही दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. सईला हे जड जाईल, मासे काचेशी येऊन मागतात, पण ते पोट भरलेलं असतानाही मागतात.

स्पंज महिन्यातून एकदा टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. नळाखाली घासून पांढरा करू नका. तो तपकिरी, किंचित बुळबुळीत असतो तेव्हाच कामाचा असतो.

मी जुळे सोलापुरातच राहतो. माझ्या टाकीत जुना स्पंज चालू आहे, त्याचा तुकडा देतो. तुमच्या फिल्टरशेजारी ठेवलात तर सहा आठवड्यांचं काम निम्म्यावर येईल. इथं मेसेज करा. येताना झाकणाचा डबा आणा, स्पंज माझ्या टाकीच्या पाण्यात बुडवूनच न्यायचा आणि घरी गेल्या गेल्या टाकीत सोडायचा. वाटेत भाजी घ्यायला थांबू नका, उन्हात डबा तापला की उपयोग नाही.