गोल्फच्या प्रोबरोबर (प्रशिक्षकाबरोबर) कोर्सवर लेसन: किती होल, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) ठेवावा का, कार्ड भरता येतं का?

मुळाकाठ:
हँडिकॅप २४ (म्हणजे चांगल्या दिवशीही ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ७ आयर्न (७ नंबरची स्टिक) १४० यार्ड सरळ जातं, कोर्सवर मात्र स्कोअर १०० च्या खाली उतरत नाही. क्लबच्या प्रोंनी सुचवलंय की आता रेंज पुरे, कोर्सवर या. दीड तास मिळणार आहे. किती होल खेळावेत? आधी काय तयारी लागते? कॅडी बरोबर असावा का? आणि त्या दिवशीचं स्कोअरकार्ड हँडिकॅपसाठी चालतं का? हा खर्च वरचेवर होण्यातला नाही, त्यामुळे एका खेपेत जेवढं पदरात पडेल तेवढं हवंय.

हिरवळ_१८:
दीड तासाला ४ होल, फार तर ५. दोघांना नुसते ९ होल खेळायलाच दोन तास लागतात, मग शिकणार कधी? एक पार ३ (तीन फटक्यांत संपायला हवा असा होल), एक पार ५ आणि जिथे दर वेळी ७-८ फटके होतात तो होल घ्याच. मधले होल सोडून जायचं असेल तर स्टार्टरला (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या माणसाला) आधी सांगा. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी दुपारी तीननंतर मागून दबाव कमी असतो. तरी मागचा ग्रुप आलाच तर पुढे जाऊ द्या. ग्रीन फी, प्रोंची फी आणि कॅडीचे पैसे कोण देणार हे बुकिंग करतानाच बोलून घ्या. बाहेरचे प्रो आणायला बरेच क्लब परवानगी देत नाहीत, तुमचे क्लबचेच आहेत हे बरं.

तयारी म्हणजे मागच्या तीन राउंडची कार्डं. प्रत्येक होलपुढे चार आकडे लिहा: पेनल्टीचे फटके किती, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) किती शॉटमध्ये पोचलात, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) किती लागले, पट (ग्रीनवरचे फटके) किती. प्रो पाच मिनिटांत ओळखतात की गळती टीवर (होलच्या पहिल्या फटक्यावर) आहे की ग्रीनच्या ५० यार्ड आत. २४ हँडिकॅपला ती बहुधा पेनल्टीत आणि चिपमध्ये (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यात) सापडते, स्विंगमध्ये नाही.

आता कॅडी. ठेवा, पण पहिल्या टीवरच त्यांना नम्रपणे सांगा की आज क्लब (स्टिक) निवडून हातात द्यायचा नाही, अंतर सांगायचं नाही आणि पटची लाइनही दाखवायची नाही. आपल्याकडे ही सवय इतकी मुरलेली असते की खेळणारा नुसता हात पुढे करतो आणि ७ नंबर हातात येतो. मग प्रोंना दिसतो तो कॅडीचा निर्णय, तुमचा नाही. आणि कोर्सवर शिकायचं असतं ते निर्णय घेणंच. बॅग, बॉल शोधणं, डिव्हॉटमध्ये (फटक्याने उखडलेल्या गवतात) वाळू भरणं एवढी मदत घ्या आणि पैसे नेहमीइतकेच द्या.

पहिले दोन होल प्रोंनी एक शब्दही बोलू नये, अशी विनंती करा. तुम्ही मात्र प्रत्येक शॉटआधी मोठ्याने बोला: बॉल कसा बसलाय, कॅरी (हवेतलं अंतर) किती हवा, निशाण (नेम) कुठे, आणि चुकला तर कुठल्या बाजूला चालेल. चौथं वाक्य बहुतेकांना येतच नाही, आणि ७-८ तिथेच होतात. समजा ग्रीनची पुढची कड ११८ यार्ड, पिन (भोकातला झेंडा) १३२, मागची कड १४६. रेंजवर १४० म्हणून तुम्ही ७ नंबर काढता. पण ते १४० दहातल्या सर्वांत चांगल्या बॉलचं, तेही पडून घरंगळल्यावरचं. नेहमीचा कॅरी १२० च्या आसपास असेल, तर जरा पातळ (खाली न लागता मध्यावर) लागलेला बॉल पुढच्या बंकरमध्ये जातो. तिथे ६ नंबर आणि निशाण ग्रीनचा मध्य. पिनकडे बघायचंच नाही. शिवाय रेंजवरची मॅट खोटं बोलते: क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी मॅटवरून घसरून बॉलपर्यंत जातो. गवतावर तोच शॉट जमिनीत रुततो.

तिसऱ्या होलपासून चर्चा. शेवटचा होल पुन्हा एकट्याने, मधे कुणी न बोलता. प्रो ग्रिप बदलायला लागले तर सरळ म्हणा, "सर, ते रेंजवर बघू." कोर्सवर नवी ग्रिप घेतली की पुढचा तासभर बॉल लागत नाही आणि लेसन तिथेच संपतं.

रानगवत:
वरचं सगळं पटतंय. माझी भर एवढीच की रेंजवर जे मिळतच नाही, ते मागून घ्या. उजव्या हाताने खेळत असाल तर:

चढावर खांदे उताराला समांतर ठेवा. लॉफ्ट (क्लबच्या फेसचा तिरकेपणा) वाढतो, बॉल उंच जातो, कमी पडतो आणि डावीकडे झुकतो. म्हणून एक क्लब जास्त (७ ऐवजी ६ नंबर). उतारावर उलटं: बॉल स्टान्समध्ये थोडा मागे, उडी कमी, घरंगळणं जास्त. बॉल पायांपेक्षा वर असेल तर क्लब इंचभर खाली धरा आणि निशाण उजवीकडे घ्या. खाली असेल तर कमरेतून जास्त वाका, निशाण डावीकडे. चारही ठिकाणी बॉल ड्रॉप करून दोन-दोन शॉट मारा. एकाच जागेवरून पाच-सहा नकोत, फेअरवेची चाळण होते.

पावसाळ्यानंतरची वाळू दाबून बसलेली असते. सॅंड वेजचा (वाळूतल्या क्लबचा) फेस आकाशाकडे उघडलात तर बाउन्स (क्लबच्या तळाचा फुगवटा) वाळूवर आपटून क्लब उसळतो आणि कड बॉलच्या पोटात लागते. बॉल थेट ग्रीनपलीकडे. अशा वाळूत फेस न उघडता सरळ निशाणाकडे ठेवून कमी बाउन्सचं वेज कसं वापरायचं ते करून दाखवायला सांगा.

ग्रीनवर प्रोंबरोबर कपाजवळ (भोकाजवळ) वाका. बर्म्युडा गवत असेल तर कपाची एक कड स्वच्छ कापलेली दिसते आणि समोरची विस्कटलेली, तपकिरी. गवताचा कल त्या तपकिरी कडेकडे असतो. त्या दिशेने पट मारलात तर बॉल जास्त धावतो, उलट मारलात तर दोन फूट अलीकडेच दमतो. एरवी बॉलमागे उभं राहून बघा: गवत चमकतंय तर कल तुमच्यापासून दूर, काळपट दिसतंय तर तुमच्याकडे.

बोगीवाला:
कार्डाचं उत्तर: नाही, भरता येत नाही. राउंडमध्ये कॅडीशिवाय, आणि जोडीने खेळत असाल तर जोडीदाराशिवाय, कुणाचाही सल्ला घेता येत नाही, नियम १०.२. प्रो सल्ला देणारच, त्यामुळे तो स्कोअर हँडिकॅपसाठी ग्राह्य नाही. जास्तीचे बॉल मारलेत तर त्यानेही बाद. त्याच दिवशी त्याच कोर्सवर तुमची स्ट्रोक प्लेची (एकूण फटके मोजायची) स्पर्धा असेल तर लेसन तिच्याआधी घेऊ नका, नियम ५.२ आडवा येतो. रेंजफाइंडरचा (अंतर मोजायच्या यंत्राचा) स्लोप मोड, म्हणजे चढ-उतार धरून अंतर सांगणारा, लेसनमध्ये खुशाल वापरा, स्पर्धेत बंद.

मुळाकाठ:
सगळ्यांचे आभार. कॅडीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. एक राहिलं: मोबाइलवर व्हिडिओ काढावा का?

हिरवळ_१८:
स्विंगचा नको. त्यापेक्षा शॉट मारण्याआधी बॉल कसा बसलाय त्याचा जवळून फोटो काढा, आणि शॉटनंतर खाली दोन शब्द: कुठला क्लब, बॉल कुठे गेला. चार होलांत वीसेक फोटो होतील. पुढच्या राउंडला निघण्याआधी तेच चाळा.