थिएटरात जाऊन सिनेमा बघणं टिकेल का?

रसिका: २०२० पूर्वी हॉलिवुडचे मोठे सिनेमे अडीच-तीन महिने थिएटरबाहेर पडत नसत. आता कित्येक दीड महिन्यात घरच्या पडद्यावर येतात. तरी मी थिएटरातच जाते, अनोळखी माणसांसोबत हसायला मला मनापासून आवडतं. पण परवा रात्रीच्या प्रसंगांत चेहरेच ओळखू येईनात, सगळं मळकट. असंच असेल तर पुढे लोक का जातील?

केबिनवाला: ताई, मी प्रोजेक्शनचंच काम करतो, म्हणून तुमचं वाचून जीव तुटला. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना झाला की उजेड उतरत जातो, आणि खर्च वाचवायला तो मुदत उलटली तरी चालवला जातो. कधी थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोरून काढायचा राहतो आणि त्यातूनच साधा सिनेमा दाखवतात. बराचसा उजेड तिथेच मरतो. पडद्याच्या मध्यावर ४८ निट (निट हे प्रखरतेचं एकक) प्रखरता हवी असं मानक आहे. हल्लीचे चांगले टीव्ही याच्या कितीतरी पट प्रखर असतात. त्यामुळे आपली सगळी भिस्त अंधारावर. दाराच्या फटीतून उजेड आला तरी काळ्याचा राखाडी होतो.

अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचू लागला तेव्हा, १९५३ मध्ये, सिनेमास्कोप हे रुंद चित्राचं तंत्र आलं आणि पडदा रुंद झाला. आता लेझर प्रोजेक्टर आलेत, पडद्याऐवजी स्वतःच उजळणाऱ्या एलईडीच्या भिंतीही आल्यात. चित्र झकास, पण नेहमीच्या पडद्याला बारीक भोकं असतात आणि स्पीकर मागे, म्हणून आवाज पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. एलईडी भिंतीमागून तो येत नाही, स्पीकर कडेला किंवा वर लावावे लागतात. हलत्या खुर्च्यांचं मला फारसं कौतुक नाही. आहे तो पडदा नीट राखला तर माणसं येतील, असं मला ठामपणे वाटतं.

सांजवेळ: राखण्यात मोबाइल बंद करायला लावणंही धरा! पुढच्या रांगेत एक जरी पेटला तरी लक्ष उडतं.

मंदश्रवण: मला कमी ऐकू येतं. घरी संवाद वाचता येतात, थिएटरात क्वचित. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

केबिनवाला: दादा, फिल्मच्या काळात उपशीर्षकं प्रिंटवरच असायची, म्हणजे त्यासाठी वेगळी प्रिंट लागायची. डिजिटलमध्ये त्यांची फाइल वेगळी जोडता येते. ती आली असेल तर लावणं अवघड नाही, पण कुणी मागत नाही म्हणून तशीच पडून राहते. तिकीट काढण्याआधी व्यवस्थापकाला विचारा, आणि चार-पाच जण मिळून विचारा.