सीएसएमटीचं मॉडेल करायचंय: माप, साहित्य, दुकान, काहीही सुचवा

चौथी_सीट:
नमस्कार मंडळी. घरी सीएसएमटी स्थानकाचं मॉडेल करायचं बरेच दिवस डोक्यात आहे. विकतचं किट नको, हातानेच करायचंय. जागा म्हणजे हॉलमधलं जुनं अभ्यासाचं टेबल, साडेतीन फूट बाय दोन फूट. बजेट सहा हजार, त्यावर एक रुपया नाही (घरात तसा ठराव पास झालाय). कॉलेजात पुठ्ठ्याची घरं केली होती, अनुभव तेवढाच. माप कुठलं घ्यावं? पुठ्ठा, सनबोर्ड (मध्ये फोम असलेला हलका बोर्ड) की एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड)? आणि तो घुमट करायचा कसा? गाडी धावली नाही तरी चालेल, पण फलाटाला लागलेली दिसायला हवी. राहते डोंबिवलीत, ऑफिस फोर्टात, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केट हाकेच्या अंतरावर आहे.

सिग्नलकाका:
उत्तम विषय. डोळे मिटून एचओ घ्या, मॉडेल रेल्वेचं ठरलेलं माप, १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं. हॅम्बुर्गचं मिनियातुर वुंडरलँड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन याच मापात आहे, यावरून काय ते समजा. जर्मन बनावटीचा डिजिटल कंट्रोलर घ्या, देशी ट्रान्सफॉर्मरच्या नादी लागू नका. सुरुवातीला चाळीसेक हजार घालायची तयारी ठेवा. माझ्याकडे कपाटभर इंजिनं आहेत, पण अजून नवं पार्सल आलं की झोप लागत नाही.

ठाणे_स्लो:
काका, बजेट सहा हजार लिहिलंय.

सिग्नलकाका:
वाचलं. छंदाला बजेट लावायचं नसतं. आणि गाडी धावणारच नसेल तर स्टेशन कशाला हवंय?

आर्किबाई:
ताई, कंट्रोलर राहू द्या, आधी टेप घ्या हातात. इमारतीची फलाटाकडची बाजू ३३० फूट, म्हणजे साधारण १०० मीटर. तिला जोडलेली फलाटांवरची शेड १२०० फूट, म्हणजे ३६६ मीटर. १:८७ने नुसती इमारतच ११६ सेंटीमीटर होते आणि शेड चार मीटर वीस सेंटीमीटर. तुमचं टेबल १०७ सेंटीमीटर. १:१६०ला इमारत ६३ सेंटीमीटरमध्ये बसेल, पण मग नक्षी विसरा. घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा साडेसोळा फुटी आहे, तो जेमतेम तीन सेंटीमीटरचा होईल. त्याच्या उजव्या हातातली मशाल आणि डाव्या हातातलं चाक तुम्हालाच दिसेल, पाहुण्यांना नाही.

माझं मत: फक्त दर्शनी भाग, भिंतीला लावायच्या उठावचित्रासारखा, दोन मिलिमीटर एमडीएफवर लेझर कटिंग. मागचं सगळं सोडून द्या. आम्ही ऑफिसात एका जुन्या वाड्याचं असंच केलंय, आजही रिसेप्शनला लावलेलं आहे.

बंड्या_विक्रोळी:
लेझर वगैरे जुनं झालं. थ्रीडी प्रिंट करा. मी गेटवे प्रिंट करून घेतला होता, एक नंबर आला होता. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि मे महिन्यात कमान खाली बसली. प्रिंटचं प्लास्टिक, पीएलए, साठेक अंशाला मऊ पडतं, हे प्रिंट करणाऱ्याने आधी सांगायला नको? तरी प्रिंटच करा. उन्हात ठेवू नका म्हणजे झालं.

रूळमोजणी:
मूळ मुद्दा सगळेच विसरतायत. एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो आणि तो युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ने भागा, १९.३ येतात. म्हणजे एचओच्या रुळावर आपली लोकल ठेवली की ती अरुंद रुळावर उभी राहते, आणि ज्याने आयुष्य लोकलमध्ये काढलंय त्याला ते खुपतंच. १:१०० घ्या. १६.७६ मिलिमीटर. तयार रूळ १६.५. पाव मिलिमीटरचा फरक! शिवाय हिशेब सोपा, एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, कॅल्क्युलेटर लागत नाही.

सिग्नलकाका:
पाव मिलिमीटर मोजायला कोण येतंय? आणि १:१००चे तयार डबे कुठून आणणार?

रूळमोजणी:
हातानेच करायचंय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. लोकलचा डबा २०.७३ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद. म्हणजे २०.७ सेंटीमीटर आणि ३.७ सेंटीमीटर. पुठ्ठ्याचा डबा. संपलं. (बारा डब्यांचा रेक मात्र अडीच मीटर होईल. तो काही टेबलावर मावत नाही.)

पेठेतला:
क्रॉफर्ड मार्केटात काय ठेवलंय? पुण्याला या. अप्पा बळवंत चौकात सगळ्या जाडीचे बोर्ड मिळतात, तपकीर गल्लीत एलईडी मिळतात, आणि कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, ते पाहिल्याशिवाय कुणी कात्रीला हात लावू नये असं माझं मत आहे. तिथली सिग्नल यंत्रणा बघा आणि मग काय ते ठरवा.

ठाणे_स्लो:
एका पुठ्ठ्यासाठी डोंबिवलीहून पुणे?

पेठेतला:
चांगल्या पुठ्ठ्यासाठी.

मेलबर्नकर:
मस्त धागा! इथे सगळे सांगतात की आमचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन खरं मुंबईला बांधायचं होतं आणि आपलं व्हीटी मेलबर्नला. नकाशे टपालात बदलले गेले. त्यामुळे दोन्हीची जोडी केलीत तर भारी वाटेल.

आर्किबाई:
व्हीटीचं बांधकाम १८७८ला सुरू झालं आणि १८८८ला पुरं झालं. फ्लिंडर्स स्ट्रीटची स्पर्धा १८९९ची, इमारत १९१०ची, आणि आराखडा तिथल्याच रेल्वेतल्या फॉसेट आणि ॲशवर्थ या दोघांचा. नकाशे बदलायला ते आधी काढलेले असावे लागतात. जोडीच करायची तर समोरची महापालिकेची इमारत करा, १८९३ची. तीही व्हीटीच्याच वास्तुविशारदाची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची.

मेलबर्नकर:
अहो, इथल्या टूर गाइडनेही हेच सांगितलं होतं. असो.

बंड्या_विक्रोळी:
चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयपण स्टीव्हन्सचंच ना? मग तिन्ही करा. प्रिंट केलीत तर सोपं पडेल.

पुठ्ठाबाबा:
ताई, उशिरा आलो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं दिसत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

थर्माकोल नको. साधा सनबोर्डही विचार करून घ्या, कारण त्याच्या मधला फोम वास मारणाऱ्या गोंदाने विरघळतो. एका नावाजलेल्या दुकानात मला “काही होत नाही साहेब” म्हणून गोंद दिला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीच्या आत पोकळी झाली होती. एमडीएफला पावसाळ्यात कडेने पाणी लागलं की फुगतो. तुमच्या बजेटात दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा आणि वरच्या थराला माउंट बोर्ड हेच बसतं. अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळेल. मोठी शीट घ्या आणि दुकानातूनच चार भाग करून आणा, नाहीतर संध्याकाळच्या गाडीत दुमडून जाईल.

कापायच्या आधी पुठ्ठ्याला सुतारांचा सँडिंग सीलर द्या, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला दिलात तर पुठ्ठा त्या बाजूला वाकतो, मग त्यावर कितीही पुस्तकं ठेवा. डोंबिवलीची हवा लक्षात घ्या. कमानींसाठी कटरची पाती नकोत. केमिस्टकडे ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, त्याचं टोक वळणावर बरोबर फिरतं. कमान एका दमात कापू नका. पहिल्यांदा नुसती रेघ, मग खोल, मग आरपार. एक ब्लेड चार-सहा कमानींनी बोथट होतं. ते टाकून द्या, कंजूषपणा करू नका, कारण बोथट ब्लेडच हात कापतं. खिडक्या थरांनी करा. मागच्या थरात लहान भोक, पुढच्यात त्याहून मोठं, सगळ्यात पुढे नुसती चौकट. दगडाची खोली आपोआप येते.

घुमट. प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापून लावायचा मोह होईल. तो लावू नका, कारण हा घुमट गोल नाही, अष्टकोनी आहे. आठ पाकळ्या करायच्या. समजा तळाशी समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १२ सेंटीमीटर आहे. त्याचं निम्मं ६. त्याला ०.८२८ने गुणलं की तळाशी पाकळीची रुंदी येते, पाच सेंटीमीटरला किंचित कमी. घुमट अर्धगोलासारखा धरला तर पाकळीची लांबी ९.४ सेंटीमीटर. निम्म्या लांबीवर रुंदी साडेतीन, टोकाला शून्य. मधली मापं याच रीतीने काढा. माउंट बोर्ड नाही, ड्रॉइंग शीट वापरा, ते वळतं. आतून कागदी पट्टीने जोडा. बाहेर दिसणाऱ्या फासळ्या सुतळीच्या नव्हे, शिवणकामाच्या जाड दोऱ्याच्या, फेविकॉलमध्ये बुडवून. रंग पिवळसर गेरू, थोडा पांढरा, आणि शेवटी पातळ तपकिरी पाणी, जे नक्षीच्या फटीत उतरतं.

हो, गेटच्या खांबांवर दोन सिंह बसवू नका. एक सिंह आहे, एक वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला.

ठाणे_स्लो:
पुठ्ठाबाबांना दंडवत. माझं एकच. गाडी अर्धी दिसली तरी चालणार असेल तर टेबलाच्या टोकाला आरसा लावा. सलूनमध्ये समोरचा माणूस कसा आत आत जात राहतो, तसा रेक लांब होतो. मात्र आरशाला टेकणारा डबा मधोमध कापायचा, म्हणजे अर्धा खरा आणि अर्धा आरशातला मिळून एक होतो. आरसा पातळ घ्या. जाड काचेत पारा मागे असतो, त्यामुळे जोडावर फट दिसते. आणि आरशाजवळ फलाटाचा आकडा लावू नका, आतला उलटा दिसेल आणि पाहुणे नेमका तोच वाचतील.

पेठेतला:
सीलर मीही वापरतो. दोन्ही बाजूंनी द्यायचा असतो, लक्षात ठेवा.

पुठ्ठाबाबा:
तेच लिहिलंय वर.

सिग्नलकाका:
रेकचा रंग ठरवा आधी. पिवळ्या-तपकिरी डीसी गाड्यांना (डायरेक्ट करंटच्या विजेवर धावणाऱ्या) तोड नाही. व्हीटीहून कुर्ल्याला विजेची पहिली लोकल गेली ३ फेब्रुवारी १९२५ला, आणि डीसीवरची शेवटची धावली २०१६ला, हार्बरवरच. तो काळ दाखवायचा तर जांभळे-पांढरे रेक चालणार नाहीत. तोंडाकडच्या दिव्यांसाठी बारा व्होल्टचा ॲडाप्टर, प्रत्येक एलईडीला ५६० ओहमचा रेझिस्टर. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला पन्नास रुपयांत काम होतं. हे घ्या, तुमच्या बजेटातलं पण सांगितलं.

आर्किबाई:
मी अजूनही म्हणते, दर्शनी भाग आणि लेझर. हाताने इतक्या कमानी म्हणजे डोळे जातील.

चौथी_सीट:
सगळ्यांचे आभार. शनिवारी खरेदी झाली, त्यामुळे निर्णय सांगते. रागावू नका.

दर्शनी भाग करत नाहीये. घुमटही नाही. जो येतो तो तीच बाजू करतो, आणि खरं सांगायचं तर मी तो घुमट क्वचित बघते. सकाळी गाडी रुळाच्या टोकाच्या बफरला टेकते तेव्हा समोर असतात खांब, पंखे, इंडिकेटर आणि फलाट संपतो तिथे एकदम रुंद होणारी गर्दी. तेवढंच करणार. १:१००, लोकलचे तीन रूळ आणि त्यांचे फलाट. प्रत्येक रुळावर साडेतीन डबे, म्हणजे ७२ सेंटीमीटर, पुढे तीसेक सेंटीमीटर मोकळी जागा, तिथे माणसं. शेवटी आरसा. साडेतीनचे सात दिसतील, बारा समजून घ्यायचे. डबे जांभळे-पांढरेच, कारण मी त्यातूनच जाते. इंडिकेटरवर एस लावणार, कर्जत फास्ट, कारण ती डोंबिवलीला थांबते आणि मला नेहमी आत शिरता येत नाही.

पुठ्ठा, माउंट बोर्ड, ब्लेडं, सीलर, रंग, आरसा मिळून तीन हजारांच्या आत बसलं. रूळ विकत घेत नाही. पट्ट्या कापून करते, गाडी धावणार नाहीये ना. उरलेले पैसे माणसांसाठी. तयार आकृत्या १:१००च्या मिळतात, वास्तुशास्त्राच्या मुलांच्या दुकानात, पण सगळी पांढरी आणि सगळी निवांत चालणारी. त्यांचे पाय कापून धावती करावी लागतील.

पुठ्ठाबाबा:
मग घुमटाचं गणित कशाला विचारलं होतं?

चौथी_सीट:
तेव्हा करायचा होता ना हो. वहीत उतरवून ठेवलंय. सीलर मात्र दोन्ही बाजूंनी दिला.

बंड्या_विक्रोळी:
पंखे प्रिंट करून देऊ का? पंधरा-वीस तर लागतील. फुकट देतो, फक्त फोटोत नाव टाका.

चौथी_सीट:
पंखे चालतील. नाव टाकते.

सिग्नलकाका:
निदान एक गाडी तरी धावू दे. एक मोटर, चार हजार.

रूळमोजणी:
पुठ्ठ्याचे रूळ वाचून वाईट वाटलं, पण ठीक. आता तयार रुळाचं बंधन उरलेलं नाही, तेव्हा आतलं अंतर १६.५ ठेवू नका. १६.७६ ठेवा.