कच्च्या चारीत टेलला (शेवटच्या टोकाला) निम्मंच पाणी पोचतं, अस्तरीकरण करावं का?

टेलकडचा: चारी (कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट) ३ किमी, कच्ची. तोंडाशी ३ क्युसेक (सुमारे ८५ लिटर/सेकंद) सुटतं, टेलला जेमतेम ४० लिटर. मधले सगळे विमोचक (शेतात पाणी सोडायची दारं) बंद असतानाचे हे आकडे आहेत. उन्हानं आटतं म्हणतात. पूर्ण चारीला काँक्रीट करावं का? बराच भाग काळ्या मातीचा आहे.

कालवा_मोजणी: उन्हावर ढकलू नका. पाण्याची वरची रुंदी १.६५ मी. आणि बाष्पीभवन दिवसाला ८ मिमी धरलं, तरी ३ किमीत ४० घनमीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटरही नाही. बाष्पीभवनाचा मोठा फटका धरणाला बसतो, तिथं पाणी महिनोन्‌महिने उघडं असतं. पाझराचा नेहमीचा हिशेब असा: बिनअस्तर कालव्यात भिजलेल्या दर दहा लाख चौ.मी.ला २.४ घनमीटर/सेकंद. भिजलेला घेर (तळ आणि दोन्ही बाजूंची पाण्याखालची लांबी) १.९ मी. धरला तर तुमच्याकडे १४ लिटर. उरलेले ३० लिटर एखाद-दोन ठिकाणीच जात असणार. खेकड्या-उंदरांची बिळं, भरावातली भेग, न बसणारी झडप आधी बघा.

पाटपाणी: जागा शोधायला दर ५०० मीटरवर सरळ ३० मीटरचा तुकडा आखा. अर्धी भरलेली बाटली सोडून वेळ घ्या. तीन ठिकाणची रुंदी-खोली घेऊन छेद काढा. छेद × वेग (३० मीटर ÷ वेळ) × ०.८ म्हणजे तिथला प्रवाह. गुणक थोडा चुकला तरी सगळीकडे तोच वापरा, फरक बरोबर कळतो. जिथं एकदम घट दिसेल तिथं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) संपल्यावर दोन मातीचे बांध घालून ५० मीटर चारी भरा, खुणेची काठी रोवा. २४ तासांत पातळी २५ सेंमीपेक्षा बरीच उतरली तर तेवढाच तुकडा दुरुस्त करायचा.

कालवा_मोजणी: गवतही काढा. त्यानं प्रवाहाचा अडथळा दुप्पट झाला तर त्याच खोलीला पाणी निम्मं वाहतं. मग वरच्या अंगाला पातळी चढते, काठावरच्या बिळांत पाणी शिरतं आणि विमोचक उघडे असले की तोंडाकडचे जास्त ओढतात.

मातीपरीक्षक: काळ्या मातीवर थेट काँक्रीट नको. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, काँक्रीटच्या पाट्या तडकतात. खाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा दाबलेला थर लागतो, जाडी मातीच्या फुगण्याच्या दाबावर ठरते. शिवाय चारी झपाट्यानं रिकामी केली की मागचं पाणी पाट्या उचलतं, म्हणून दाब सोडणारी छिद्रं ठेवा आणि पातळी हळूहळू उतरवा.